पाटी नंबर १४ : झेंडा सत्याग्रहाचं प्रदर्शन आणि एआयने लिहून दिलेला तुरुंगवास

नागपूरच्या महाल भागात आमचं एक छोटं वाचनालय आहे, दोन खोल्या, लाकडी कपाटं, आणि दर १५ ऑगस्टला आम्ही तिथे काहीतरी प्रदर्शन लावतो. मागच्या वेळी ठरलं की १९२३ च्या झेंडा सत्याग्रहावर लावायचं, कारण ज्या गावात तो झाला त्या गावच्या पोरांनाच तो माहीत नाही, दांडी विचारा तर सांगतील पण नागपूरचं विचारलं की गप्प. मी शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला म्हणून मजकूर माझ्याकडे आला, आणि डिझाइन व पहिला ड्राफ्ट माझ्या भाच्याने अंगावर घेतला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कामाचा पोट्टा आहे. एकूण १४ पाट्या करायच्या होत्या.

हे सगळं मी तपशिलात लिहून ठेवतेय कारण आता शाळांत, मंडळांत, स्मरणिकांमध्ये सगळीकडे असंच काम होऊन राहिलं आहे. आमच्या हातून एक चूक होता होता राहिली, आणि ती झाली असती तर एका घरात कायमची बसली असती.

आधी मूळ गोष्ट सांगते. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरला स्वराज्याचा झेंडा लावण्यावरून सरकारशी खटका उडाला, सुभद्राकुमारी चौहान तिथल्या आंदोलनात होत्या. मग १३ एप्रिलला नागपुरात जालियनवाला बागेच्या स्मरणदिनी झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीकडे, जात असताना पोलिसांनी अडवली. १ मेपासून जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली रीतसर सत्याग्रह सुरू झाला, १४४ कलम लागलं, रोज तुकड्या निघायच्या, अडवल्या जायच्या, तुरुंगात जायच्या. जूनमध्ये बजाजांना अटक झाली, त्यानंतर वल्लभभाई पटेल नागपूरला येऊन बसले, आणि १८ ऑगस्टला झेंडा घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. देशभरातून लोक आले होते, दीड हजाराच्या वर माणसं आत गेली. विनोबासुद्धा याच सत्याग्रहात पकडले गेले, आधी नागपूर आणि मग अकोल्याच्या तुरुंगात होते.

भाच्याने एका संध्याकाळी चौदाही पाट्यांचा मजकूर आणून दिला. चॅटबॉटकडून लिहून घेतला होता, लपवलं नाही त्याने, सरळ सांगितलं. मी वाचलं आणि खरं सांगते, मला आवडलं. वाक्यं गुळगुळीत, तारखा जागेवर, प्रत्येक पाटीखाली संदर्भ. मी रात्री फक्त शुद्धलेखन बघून झोपले, आणि इतिहासाची शिक्षिका असून पहिल्या वाचनात मी एकही प्रश्न विचारला नाही ही गोष्ट मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या पाटीवर अडकले. तिथे गांधीजींचं झेंड्यावरचं एक भारदस्त वाक्य होतं आणि खाली लिहिलं होतं की मे १९२३ मध्ये कस्तुरचंद पार्कवरच्या सभेत बापूंनी हे उद्गार काढले. आता मे १९२३ मध्ये गांधीजी होते कुठे? १० मार्च १९२२ ला त्यांना अटक झाली, १८ मार्चला सहा वर्षांची शिक्षा झाली, मग येरवडा, आणि अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर ५ फेब्रुवारी १९२४ ला सुटका. म्हणजे झेंडा सत्याग्रह सुरू झाला, चालला, संपला, तेवढा सगळा वेळ ते तुरुंगात होते, कस्तुरचंद पार्कवर सभा कुठून घेणार. हे तपासायला मला कुठे जावंही लागलं नाही, माणूस त्या दिवशी त्या जागी असू शकत होता का एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा लागला.

भाच्याने लगेच चॅटबॉटला विचारलं की गांधीजी तर जेलमध्ये होते ना. त्याने माफी मागितली आणि म्हणाला, बरोबर आहे, हे वाक्य डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनातल्या भाषणातलं आहे. तेव्हा गांधीजी नागपुरात होते हे खरं, म्हणून हे उत्तर आधीच्यापेक्षा जास्त पटण्यासारखं. पण वाक्य तेच, फक्त उचलून दुसऱ्या तारखेवर ठेवलेलं. गांधीजींचं समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंडांत छापलेलं आहे आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर कुणालाही फुकट बघता येतं. आम्ही दोघांनी बसून डिसेंबर १९२० ची नागपूरची भाषणं वाचली. ते वाक्य नाही, त्याच्या जवळपासचंही काही नाही. पाटीवरून काढलं.

सातव्या पाटीचं प्रकरण जास्त शिकवणारं होतं. एका तुकडीच्या अटकेची बातमी, अवतरण चिन्हात, आणि खाली संदर्भ असा की ‘लोकमत, नागपूर, ३ मे १९२३, पान ३’. इतका नेमका संदर्भ बघितला की माणूस गप्प बसतो, तसा भाचा बसला होता.

‘मावशी, त्याने पान नंबरसुद्धा देला ना, मग काऊन खोटं राहीन?’

पण नागपुरातलं दैनिक लोकमत सुरू झालं १९७१ साली, त्याआधी त्या नावाचं जे पत्र होतं ते लोकनायक बापूजी अण्यांचं, आणि ते यवतमाळचं. म्हणजे ज्या अंकाचा संदर्भ दिला तो अंकच असू शकत नाही. दुसरं, बातमीत लिहिलं होतं की सरदार पटेलांच्या नेतृत्वाखाली तुकडी निघाली. ३ मेला नेतृत्व बजाजांचं होतं, पटेल नंतर आले. आणि ‘सरदार’ ही पदवी लोकांनी दिली १९२८ च्या बारडोलीनंतर, १९२३ चा बातमीदार ती कशी लिहील? त्याच बातमीत सत्याग्रही तलवारी घेऊन निघाल्याचंही एक वाक्य होतं. तो नागपूरचाच, पण वेगळा इतिहास आहे, जनरल मंचरशा आवारींचा १९२७ चा शस्त्र सत्याग्रह. नागपूर, सत्याग्रह, मिरवणूक, अटक, हे शब्द दोन्हीकडे सारखे, म्हणून दोन्ही एकात मिसळून गेले.

इथे भाच्याला मी विचारलं की हे यंत्र असं का करतं, तुझा विषय आहे, सांग. त्याने जे समजावलं ते मला पटलं म्हणून माझ्या शब्दांत सांगते. हे मॉडेल कपाटातून पुस्तक काढून बघत नाही, त्याने अफाट मजकूर वाचून कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त आहे हे शिकलेलं असतं, आणि त्या हिशोबाने एकेक तुकडा पुढे जोडत जातं. संदर्भ कसा दिसतो हे त्याला पक्कं माहीत असतं, पेपरचं नाव, स्वल्पविराम, तारीख, पान. तो साचा ते बिनचूक भरतं. पण आत जे भरलं तो अंक कुठल्या कपाटात आहे का, हे तपासणं त्या कामाचा भागच नाही. काही चॅटबॉट आता इंटरनेटवर शोधून लिंकही देतात, ते आधीपेक्षा चांगलं आहे, पण आम्ही तसल्या ६ लिंका उघडल्या, त्यातल्या २ मध्ये पान खरं होतं आणि आपली माहिती मात्र त्या पानावर नव्हतीच. लिंक बघून समाधान मानायचं नाही, उघडून ती ओळ डोळ्याने वाचायची.

आमच्या समितीत एक वकीलसाहेब आहेत, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस करतात. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या धंद्यात हे आधीच होऊन गेलं. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध अविआंका म्हणून एक खटला होता, एका वकिलाने चॅटजीपीटीने दिलेले निवाडे अर्जात घातले आणि ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड लावला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली, ती म्हणजे त्या वकिलाने खात्री केली होती, फक्त त्याच चॅटजीपीटीला विचारून, की ही केस खरी आहे का, आणि ते म्हणालं हो खरी आहे. आमच्या भाच्यानेही तेच केलं होतं. प्रत्येक पाटीनंतर त्याने ‘खात्री आहे का’ असं विचारलं होतं, मी त्याचं चॅट बघितलं. ज्या साक्षीदारावर शंका आहे त्यालाच विचारायचं की तू खरं बोलतोस ना, याला तपासणी म्हणत नाहीत. मग त्याने दुसऱ्या कंपनीच्या चॅटबॉटला विचारलं आणि दोघांची उत्तरं जुळली म्हणून खूश झाला, तेव्हा मी त्याला सांगितलं की एकाच गाइडवरून पाठ केलेल्या दोन पोरांची उत्तरं जुळली म्हणजे गाइड बरोबर आहे असं होत नाही.

आता माझी चूक. दोन पाट्या खोट्या निघाल्यावर मी इतकी बिथरले की लाल पेन घेऊन बसले. दुसऱ्या पाटीवर १३ एप्रिल ही तारीख होती. मी म्हटलं हे जालियनवाला बागेवरून उचललं, १३ एप्रिल १९१९ ची तारीख आहे ती, इथे चिकटवून दिली, आणि खोडली. पण ती बरोबर होती, मिरवणूक जालियनवाला स्मरणदिनाचीच होती म्हणून तारीख तीच. दोन दिवसांनी पुस्तक हातात घेतल्यावर कळलं, परत लिहिली. म्हणजे मीसुद्धा तेच केलं होतं, वाचून काय वाटतंय त्यावरून ठरवलं, उघडून बघितलं नाही. सरसकट विश्वास ठेवणाऱ्यापेक्षा सरसकट अविश्वास ठेवणारा शहाणा दिसतो, पण दोघांचंही पुस्तक बंदच असतं.

या बाबतीत स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेला एक अभ्यास मला फार लागला. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी अशा ४५ लोकांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरून खाली वाचत बसायचे, लोगो, भाषा, मांडणी बघायचे आणि बरेचदा फसायचे. फॅक्ट-चेकर मात्र पान जेमतेम बघून बाहेर पडायचे, नवीन टॅब उघडायचे आणि या पानाबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधायचे. फसणाऱ्यांत इतिहासकार होते हे वाचून मला पहिल्या रात्रीचं माझं शुद्धलेखन तपासणं आठवलं. चांगलं मराठी बघून मी विश्वास टाकला होता.

मराठीत एक अडचण वेगळीच येते. इंटरनेटवर नागपूरबद्दल हिंदी आणि इंग्रजीत जास्त आहे, मराठीत कमी, म्हणून चॅटबॉटच्या मजकुरात ‘झंडा सत्याग्रह’, ‘स्वतंत्रता सेनानी’ असे शब्द डोकावत होते, त्यावरून कळतं की मूळ माल कुठला. शोधताना आम्हालाही तेच करावं लागलं, झेंडा, झंडा, निशाण, फ्लॅग, सगळे शब्द टाकून, नागपूर आणि नागपुर दोन्ही लिहून, आवारी आणि अवारी दोन्ही करून बघितलं. एका स्पेलिंगने काही मिळालं नाही म्हणून नाहीच असं धरणारे खूप जण आहेत, त्यांनी हे जरूर करून बघावं.

फोटोचं थोडक्यात सांगते. व्हॉट्सअॅपवर ‘१९२३ नागपूर दुर्मिळ फोटो’ म्हणून फिरत असलेला एक फोटो भाच्याने नवव्या पाटीवर लावला होता, खादीतली माणसं, धूळ, आणि झेंड्यावर अशोकचक्र. चक्राचा झेंडा संविधान सभेने स्वीकारला २२ जुलै १९४७ ला. १९२३ चा स्वराज्याचा झेंडा पांढरा, हिरवा, लाल आणि वर चरखा, केशरी पट्टा आला १९३१ मध्ये. फोटोवरून उलट शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेऊन बघितलं तर तो फोटो अगदी अलीकडच्या पोस्टपलीकडे कुठेच जात नव्हता. काढला, त्या जागी भाच्याने झेंड्याचं चित्र काढलं आणि खाली मोठ्या अक्षरात ‘रेखाचित्र’ असं लिहिलं.

आता पाटी नंबर १४.

वाचनालयाच्या मागच्या वाड्यात एक आजी राहतात, ८७ वर्षांच्या. त्यांचे वडील झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले होते असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मूळ गाव काटोल तालुक्यात. शेवटची पाटी स्थानिक माणसांवर करायची ठरली तेव्हा भाच्याने आजींच्या वडिलांचं नाव टाकून चॅटबॉटला विचारलं की हे झेंडा सत्याग्रहात जेलमध्ये गेले होते, त्यांची माहिती दे. उत्तर आलं, आणि काय उत्तर आलं. सहा महिने सक्तमजुरी, अकोला तुरुंग, कैदी क्रमांक, जानेवारी १९२४ मध्ये सुटका. भाच्याने आनंदाने ते मला दाखवायच्या आधी आजींनाच वाचून दाखवलं. आजी रडल्या. पुण्याच्या मुलाला फोन केला. मुलाने फॅमिली ग्रुपवर टाकलं. नातीने तो कैदी क्रमांक फ्रेम करायला दिला म्हणे.

हे सगळं मला कळलं तोपर्यंत पाचवी आणि सातवी पाटी पडली होती. मला रात्रभर झोप नाही. सकाळी मी एक प्रयोग केला, भाच्याला समोर बसवून. त्याच चॅटबॉटला माझ्या स्वतःच्या बाबांचं नाव दिलं आणि अगदी त्याच शब्दांत विचारलं. माझ्या बाबांचा जन्म १९४१ चा. चॅटबॉटने सांगितलं की त्यांना १९२३ साली चार महिन्यांची शिक्षा झाली, नागपूर तुरुंगात. कैदी क्रमांकासकट. भाच्याचा चेहरा उतरला, काही बोलला नाही, बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. प्रश्नातच आपण सांगून ठेवलं होतं की हे जेलमध्ये गेले होते, त्यामुळे जेल खरंच की नाही हा मुद्दाच उरला नाही, उरला फक्त तपशील, आणि तपशील देणं त्याला छान जमतं. तोच प्रश्न ‘या नावाच्या माणसाची १९२३ ची काही लेखी नोंद कुठे आहे का, नसेल तर नाही म्हण’ असा विचारला तर म्हणालं, माझ्याकडे अशी माहिती नाही. एवढा फरक पडतो विचारण्याने.

आजींकडे आम्ही दोघंही गेलो. मी भाच्याला म्हटलं तू बोल, तूच वाचून दाखवलं होतंस. त्याने सांगितलं, आजी, तो नंबर मशीनने मनाने लिहिला, माझी चूक झाली, मी बघितलं नाही. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मले तेव्हाच वाटलं वो बाई. माह्या बाबांनी कधी सहा महिने म्हटलं नाही. थोडकेच दिवस म्हणत. पण पोरगा इतकं वाचून राहिला, मले वाटलं आपल्यालेच ठाव नसन.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घरातली खरी आठवण त्या बाईकडे होती, आणि छापील दिसणाऱ्या मजकुरासमोर तिने ती मागे घेतली. सहा महिने हा आकडा अजून दोन वर्षं राहिला असता तर घरात ‘थोडकेच दिवस’ कोणाला आठवलं नसतं.

मग मी विचारलं, आजी, घरात काही लिहिलेलं आहे का, कागद, पत्र, काहीही. त्यांनी देवघरातून लाल फडक्यातली एक पोथी काढली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आजींच्या मोठ्या काकांनी घरातल्या नोंदी लिहून ठेवलेल्या, जन्म, मुंजी, बैल घेतला, विहिरीला पाणी लागलं. त्यात एक ओळ होती, शाई विटलेली, आजींच्या वडिलांचं घरातलं नाव, आणि पुढे ‘श्रावण व. ८ शके १८४५ नागपुराहून’, आणि त्यानंतर एक शब्द जो लागत नव्हता, आणि ‘आला’.

भाच्याने फोटो काढून एआयला वाचायला दिला. त्याने वाचलं, ‘नागपुराहून सुखरूप आला’. सहज, नैसर्गिक, असंच लिहितात लोक. पण मला अक्षरं कमी वाटत होती. मग आम्ही एक केलं, तो फोटो तीन जणांना वेगवेगळा दाखवला, कशासाठी ते न सांगता आणि एकमेकांशी बोलू न देता. एक माझ्या जुन्या मुख्याध्यापिकाबाई, एक पोथ्या वाचणारे गुरुजी, एक वकीलसाहेबांचे वडील, ज्यांनी आयुष्यभर जुनी खरेदीखतं वाचली. दोघांनी ‘सुटून’ वाचलं, एकाने ‘लागत नाही’ म्हटलं. मग त्याच पुठ्ठ्यावर दुसरीकडे ‘बैल दावं तुटून पळाला’ अशी नोंद होती, त्यातलं ‘टून’ आणि हे ‘टून’ शेजारी ठेवून बघितलं. एकाच हातचं, एकाच वळणाचं. ‘सुटून आला’. सुखरूप आणि सुटून, दोन्हीची सुरुवात सारखी, पण एकात माणूस गावाला जाऊन आला आणि दुसऱ्यात तुरुंगातून आला. यंत्राने जो शब्द जास्त वापरात आहे तो वाचला.

तारखेचं गणित असं. शके १८४५ मध्ये ७८ मिळवले की १९२३. त्या वर्षीच्या पंचांगाप्रमाणे श्रावण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास येतो, वद्य अष्टमी म्हणजे गोकुळअष्टमी, सप्टेंबरचा पहिला आठवडा. चॅटबॉटने श्रावण म्हटल्यावर सरळ जुलै लिहिला होता, ते घेतलं नाही. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून जाऊन सत्याग्रह संपला, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी हा माणूस नागपुराहून सुटून घरी येतो. जुळतंय. आणि जानेवारी १९२४ ची सुटका या ओळीशी अजिबात जुळत नाही.

पण जुळतंय म्हणजे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, आणि इथे आमच्या समितीत वाद झाला. दोन सदस्यांचं म्हणणं की आता काय राहिलं, बिनधास्त लिहा झेंडा सत्याग्रही. मी नाही म्हटलं. ओळीत ‘सुटून’ आहे, कशातून आणि कशासाठी ते नाही. कोर्टाच्या कामात अडकून सुटलेलाही माणूस असू शकतो. सरकारने छापलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रकोशात शोधलं तर त्याच नावाचे आणि आडनावाचे एक गृहस्थ मिळाले, पण तालुका वेगळा, वडिलांचं नाव वेगळं आणि शिक्षा १९३० च्या जंगल सत्याग्रहातली. कोणीतरी म्हणालं हेच असतील, छापण्यात घोळ झाला असेल. नाही. नाव सारखं आहे म्हणून दुसऱ्याचा तुरुंगवास आपल्या माणसाला देता येत नाही, ज्याचा आहे त्याच्याही घरी कुणी आजी असतील. १९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले, त्याबद्दल आजींना विचारलं, त्या म्हणाल्या बाबा त्याआधीच गेले, कोणी अर्ज केला नाही.

म्हणून आम्ही पुराव्याची ताकद जेवढी तेवढंच पाटीवर लिहिलं. पोथीच्या पुठ्ठ्याचा मोठा फोटो, त्याखाली ओळ जशीच्या तशी, त्याखाली इंग्रजी तारीख कशी काढली ते, आणि मग असं, ‘कुटुंबाच्या आठवणीनुसार हे झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. घरातल्या नोंदीची तारीख सत्याग्रह संपल्यानंतरच्या सुटकेशी जुळते. शिक्षा, कलम आणि तुरुंग यांची सरकारी नोंद अद्याप मिळालेली नाही.’ आजींनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, ‘थोडकेच दिवस म्हणत, तेही लिहा.’ ते लिहिलं, त्यांच्या तोंडचं म्हणून, त्यांच्या नावासकट, त्यांच्या परवानगीने. माझ्या मते त्या पाटीवरची सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे, कारण ऐकणारी व्यक्ती समोर बसलेली आहे आणि तिने ते कोणाच्या तोंडून ऐकलं हे ती सांगू शकते.

पुण्याच्या मुलाला भाच्याने स्वतः फोन केला आणि ग्रुपवर दुरुस्ती टाकायला लावली. आधीची पोस्ट पुढे किती जणांना गेली असेल ते आता मोजता येत नाही, फ्रेम मात्र परत आणली.

हिशोब सांगायचा तर १४ पैकी ९ पाट्यांत बदल झाले, त्यातल्या ४ मध्ये पूर्ण परिच्छेद गेले. भाच्याच्या एका संध्याकाळच्या कामाला तपासायला आम्हाला १९ दिवस लागले, तेही रोज दोन-तीन तास. एआय आम्ही सोडला नाही, शोधायला शब्द सुचवायला वापरला, आम्ही हातात दिलेल्या पानांचा गोषवारा काढायला वापरला, पाट्यांचं हिंदी भाषांतर करून घेतलं आणि ते एका हिंदीच्या बाईंकडून वाचून घेतलं. पण त्याने सांगितलेली तारीख, नाव, आकडा, अवतरण यातलं काहीही आम्ही मूळ कागद डोळ्याने बघितल्याशिवाय पाटीवर चढवलं नाही. भाच्याने एक्सेलमध्ये एक शीट केली, प्रत्येक वाक्यासमोर दोनच रकाने, हे कोणी बघितलं आणि कुठे लिहून ठेवलं. दोन्ही रकाने रिकामे असले की वाक्य जायचं, कितीही सुंदर असलं तरी.

प्रदर्शन चार दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी काही कॉलेजची पोरं चौदाव्या पाटीसमोर उभी राहून वाद घालत होती की सरकारी नोंद नाही तर लावलं कशाला, आणि त्यातली एक मुलगी म्हणत होती की नाही असं लिहिलंय म्हणूनच तर बाकीचं पटून राहिलं. मी मध्ये पडले नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या सचिवालयात अभिलेखागार आहे, तिथे १९२३ च्या तुरुंगाच्या आणि शिक्षांच्या नोंदी बघायला मिळाव्यात म्हणून आम्ही अर्ज दिलाय, आजींच्या वडिलांचं नाव तीन वेगवेगळ्या स्पेलिंगमध्ये लिहून, गाव आणि तालुक्यासकट. अर्जाची पोच वाचनालयाच्या फाइलमध्ये आहे. पाटी नंबर १४ आता कपाटाशेजारी भिंतीला लावून ठेवली आहे, खालच्या बाजूला चार बोटं जागा कोरी सोडून.